"आत्ताच बॉडी करून घेतलीये": जुन्या गाडीतला झाकलेला गंज कसा शोधायचा

गेल्या वर्षी जूनमधला पहिला दणदणीत पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मारुती झेनमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलंचिंब. म्हटलं दाराचं रबर गेलं असणार. नवीन रबर टाकलं, परत ओलं. मग पुढच्या काचेचं रबर बघितलं, मग एसीचा ड्रेन पाईप साफ केला (तो डाव्या अंगाला असतो आणि पाणी उजवीकडे होतं, पण माणूस आशेवर जगतो ना). शेवटी एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सीट काढली, कारपेट उचललं, तर खाली डांबराचा हा एवढा थर. त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला तर तो आत गेला तो गेलाच, आणि भोकातून खालचे पेव्हर ब्लॉक दिसायला लागले. डांबर खरवडलं तर आत गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा निघाला, चार पॉप रिव्हेट मारून बसवलेला, त्यावरचं सूर्यफूल अजून शाबूत.

गाडी २००२ ची, मी तिसरा मालक. ठाण्यात घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, "गंज शोधून दाखवा साहेब, आत्ताच बॉडी करून घेतलीये." मी खूश. आता हे वाक्य कुणी म्हटलं की माझा हात आपोआप खिशातल्या लोहचुंबकाकडे जातो.

जुन्या गाडीला गंज असणं यात काही वावगं नाही, वीसेक पावसाळे उघड्यावर काढलेली वस्तू आहे ती. उघडा गंज दिसतो, किती आहे ते कळतं, त्याचा भाव करता येतो. वाट लावतो तो झाकलेला गंज, कारण वाईट दुरुस्ती पाणी आत कोंडून ठेवते आणि जो चांगला पत्रा उरलाय तोही खाऊन टाकते. त्यामुळे गाडी घेताना किंवा घरचीच जुनी गाडी नीट करायला काढताना "गंज आहे का" हे विचारण्याआधी "आधी कुणी काय करून ठेवलंय" हे शोधायचं.

आपल्या भागात हे जास्त का होतं ते सांगतो. मी नवी मुंबईत ऐरोलीला राहतो, खाडी जवळ, फ्लेमिंगो वगैरे बघायला लोक येतात, सगळं छान, पण त्याच खाऱ्या हवेतलं मीठ पत्र्याच्या सांध्यात बसतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी आतली माती दमटच राहते. वर चार महिने पाऊस, ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतलं पाणी, वंदना टॉकीजजवळ गुडघाभर साचलेल्यातून दामटलेली गाडी. आणि अजून एक कारण आहे ज्यावर कुणी फारसं बोलत नाही, ते म्हणजे पासिंग. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि पुढे दर ५ वर्षांनी, आणि त्याच्या आधी बरेच लोक गाडी "पासिंगपुरती" करून घेतात. म्हणजे गंजावर लांबी (खड्डे भरायची ती बॉडी फिलरची पुट्टी), लांबीवर रंग, खालून काळं डांबर, झालं. त्यामुळे आरसी बघताना तारखा बघा, रंगकाम नेमकं रिन्युअलच्या आगेमागे झालं असेल तर जरा जास्त खोल जाऊन बघायचं.

आता गंज येतो कुठून ते एकदा समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. दाराखाली जो लांब भाग असतो, ज्याला आपले डेंटर (गाडीच्या पत्र्याचं काम करणारे) रनिंग बोर्ड म्हणतात, तो एक बंद डबा आहे, दोन-तीन पत्रे जोडून केलेला. त्यात वरून पाणी जातं आणि खालच्या बारक्या भोकांतून निघून जातं, जायला पाहिजे. भोकं चिखलाने बुजली की पाणी आतच, आणि पत्रा आतून सडतो. बाहेर रंगाला पहिला फोड दिसतो तेव्हा आतलं काम तमाम झालेलं असतं. डेंटरकडे नेलं की तो फोड ग्राइंडरने घासतो, त्यावर लांबी भरतो, वॉटर पेपरने पाणी मारून घासतो आणि त्याच दिवशी प्रायमर. ही लांबी पाणी पिते, आणि ते प्यायलेलं पाणी वाळायच्या आत वरून रंगाचं झाकण बसतं. एक पावसाळा निघतो, फार तर दोन. मग त्याच जागी आधीपेक्षा मोठा फोड.

तर शोधायचं कसं. गाडी धुतलेली आणि कोरडी पाहिजे, ओल्या गाडीवर सगळंच चकाचक दिसतं. पहिलं काम बेसमेंट पार्किंगमध्ये, जिथे वर ट्यूबलाइटची रांग असते. गाडीच्या बाजूला उकिडवं बसा आणि पत्र्यात ट्यूबचं प्रतिबिंब बघत डोकं हळूहळू पुढेमागे करा. कंपनीच्या पत्र्यात ट्यूबची रेघ सरळ सरकते, लांबी भरलेल्या जागी ती नागासारखी वळवळते. मागच्या चाकाच्या वरची कमान, दारांची खालची चार बोटं आणि रनिंग बोर्ड एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं. दिवसा उन्हात हे दिसत नाही म्हणून विकणारे दुपारी बोलावतात की काय अशी मला शंका आहे.

मग लोहचुंबक. फ्रिजवर लावतो तसलं हलकं घ्या, फार ताकदीचं नको, रुमालात गुंडाळा म्हणजे रंगाला चरा पडणार नाही. आधी छपरावर लावून बघा, तिथे शक्यतो कुणी काम केलेलं नसतं, हाताला ओढ किती लागते ते लक्षात ठेवा आणि मग खालच्या भागात फिरवा. जिथे सुटून हातात येतं तिथे खाली जाड लांबी किंवा फायबर आहे. बंपरला चिकटत नाही म्हणून घाबरू नका, ते प्लास्टिकचं आहे, माझ्या एका मित्राने यावरून विकणाऱ्याशी भांडण काढलं होतं.

पण चुंबकावर विसंबून राहू नका, कारण माझीच गाडी चुंबकाच्या परीक्षेत पास झाली असती! तेलाचा डबाही पोलादी पत्र्याचाच असतो, जीआय शीट (जस्ताचा थर दिलेला पत्रा) पण पोलादाचीच. चुंबक पत्रा आहे एवढंच सांगतं, तो कुणाचा आहे आणि कशाला जोडलाय ते नाही सांगत.

म्हणून वाजवून बघा. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच ठोकायचं, नारळ किंवा कलिंगड घेताना वाजवतो तसंच. पत्रा टणटण बोलतो, लांबी थपथप. मुख्य म्हणजे डावी बाजू आणि उजवी बाजू त्याच जागी वाजवून तुलना करा, दोन्ही कंपनीचं असेल तर आवाज सारखा येतो. एकीकडे टण आणि दुसरीकडे थप म्हणजे तिथे काहीतरी झालंय, निदान ठोकून तरी आलीये.

रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून मिळालं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, गाडीगाडीप्रमाणे कमीजास्त. ३०० च्या आसपास दिसलं तर दुसऱ्यांदा रंग झालाय, यात काही पाप नाही. १००० च्या पुढे गेलं म्हणजे मिलिमीटरभर लांबी, आणि काही ठिकाणी मीटर आकडाच दाखवत नाही, तिथे मग पत्रा शोधायला पुरातत्त्व खातं बोलवा.

आता खरी गोष्ट. वरचं सगळं समोरून बघणं झालं, आणि समोरून दिसणारी बाजू हीच तर त्या माणसाने सजवलेली असते. मागची बाजू सजवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. त्यामुळे प्रत्येक संशयाच्या जागेची उलटी बाजू बघायची. डिकीतलं कार्डबोर्ड आणि स्पेअर व्हील काढलं की मागच्या कमानीचा आतला भाग दिसतो. दाराची चौकट बघा, रबर जरा सरकवलं की पत्र्याच्या कडेवर ठरावीक अंतरावर गोल गोल खळगे दिसतात, त्याला गाड्यांचे व्यवहार करणारे कंपनी पंचिंग म्हणतात, म्हणजे कारखान्यातले स्पॉट वेल्ड. ते मध्येच गायब झाले, किंवा त्यांच्या जागी वेल्डिंगची गाठाळ रेघ आली, तर पत्रा बदललाय किंवा वरून ठिगळ मारलंय. तसंच सांध्यांवरचं पेस्टिंग, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून लावलेलं सीलंट, कंपनीचं एकसारखं ओघळलेलं असतं, हाताने फासलेलं लगेच ओळखू येतं, बोटांचे ठसेसुद्धा असतात कधीकधी.

रनिंग बोर्डच्या आत बघायला फोनला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो ऑनलाइन, लांब वायरीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा, फार महाग नसतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली की बहुतेक गाड्यांना खाली रबराचं बूच असतं, तिथून आत सोडा. तपकिरी थर दिसला तर तो साधा गंज. पांढरा किंवा पिवळा फोम दिसला, कागद दिसला, थर्माकोल दिसला तर समजा की आधी भोक होतं आणि लांबी आत पडू नये म्हणून मागे टेकू दिलाय. माझ्या डाव्या रनिंग बोर्डमधून वर्तमानपत्राचा बोळा निघाला, उलगडला तर 'वधू पाहिजे'चं पान. ओला गच्च. किती वर्षं त्या डब्यात बसून पत्रा भिजवत होता देव जाणे.

खालची बाजू बघायला वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर घ्या, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे गमतीत सांगत नाहीये. जुन्या गाडीला खालून कोरं करकरीत काळं कोटिंग दिसलं तर मला आनंद होत नाही. त्या कोटिंगवर अंगठ्याने जोरात दाबत जा, चांगल्या पत्र्यावर अंगठा दुखतो, सडक्या पत्र्यावर पापडासारखं कुरकुरतं. बोथट स्क्रूड्रायव्हरने टोचायचं असेल तर गाडी दुसऱ्याची असताना आधी विचारा. नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

आत कारपेट उचलताना एक घोळ होतो तो टाळा. कंपनीसुद्धा फ्लोअरवर आवाज कमी व्हायला डांबरासारख्या शीट टाकते, ते बघून लोकांना वाटतं कुणीतरी काहीतरी लपवलंय. कंपनीची शीट कापून बसवलेली असते, कडा सरळ, दोन्ही बाजूंना सारखाच आकार. ओतलेलं किंवा ब्रशने फासलेलं डांबर गुठळ्यांचं असतं आणि कुठेही सुरू होऊन कुठेही संपतं.

आणि पाणी ओतून बघा, ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा कारण तिला फसवता येत नाही. दाराच्या काचेच्या बाहेरच्या पट्टीत अर्धा लिटर पाणी हळूहळू सोडा, दाराच्या तळाच्या भोकांतून लगेच टपटप बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर कुणीतरी भोकं लांबीने किंवा रंगाने बुजवलीत आणि दार म्हणजे टाकी झालीये. मग वायपरखालच्या जाळीत तसंच ओता, पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूने जमिनीवर आलं पाहिजे. पायाशी आलं तर जाळीखालचा काऊल पत्रा गेलाय, आणि त्याची दुरुस्ती कटकटीची असते कारण डॅशबोर्डपर्यंत जावं लागतं. माझ्या गाडीत पाणी तिथून येत नव्हतं, चाकाने उडवलेलं खालून रिव्हेटच्या फटीतून येत होतं, हे मला रबरांवर पैसे घालवल्यावर कळलं.

बॅटरीचा ट्रे पण बघा, बॅटरी उचलूनच. ॲसिड सांडून खालचा पत्रा खाल्ला जातो आणि तिथून गंज खाली चॅसीच्या लांबट भागापर्यंत जातो.

सापडलं, आता घाबरायचं कधी? दार, फेंडर, डिकीचं झाकण इथे लांबी सापडली तर ते दिसण्यापुरतं आहे, सावकाश करा, फेंडर तर नट-बोल्टवर असतो, कुर्ल्याला सीएसटी रोडला जुना चांगला मिळाला तर तोच बसवा. पण शॉकॲब्झॉर्बर जिथे वर बोल्टने बसतो ती जागा, लोअर आर्मची जोडणी, मागच्या ॲक्सलचे ब्रॅकेट, सीटबेल्टचा बोल्ट, सीटचे पाय, जॅक पॉइंट आणि रनिंग बोर्ड, इथे ठिगळ, रिव्हेट किंवा फायबर सापडलं तर गाडी चालवणं थांबवा आणि आधी ते करा. एक सोपी चाचणी आहे, चारही दारं लावून उघडून बघा कशी लागतात, मग जॅक पॉइंटवर एक बाजू उचला (कुणी आत बसलेलं नको) आणि परत दार लावून बघा. दार अडकायला लागलं किंवा फट बदलली तर बॉडी वाकतेय. जॅकच आत घुसायला लागला तर मग दार बघायची गरज नाही.

अशी गाडी अजून घेतलेली नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, सोडून द्या. भाव पाडून घ्यायचा मोह होतो, पण पत्र्याचं काम उघडल्यावर वाढतं, बाहेर बोटाएवढं दिसलं तर आत हाताएवढं निघतं.

घरचीच गाडी असेल आणि जीव असेल तिच्यावर, तर मग डेंटरकडे जाताना काय बोलायचं ते ठरवून जा. पहिला प्रश्न एकच, "कापून लावणार की वरून मारणार?" वरून मारतो म्हणाला तर नमस्कार करून निघायचं. जुन्या सडक्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड केला की दोघांच्या मध्ये खिसा होतो, पाणी त्यात बसतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो त्यामुळे गंजाला मोकळं रान. चकाकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचं, तेवढंच माप नवीन ०.८ किंवा १ मिलिमीटरच्या साध्या सीआर शीटमधून (जस्ताचा थर नसलेला कोल्ड रोल्ड पत्रा) काढायचं. जीआय नको, जस्ताचा धूर छातीला वाईट आणि वेल्डही नीट बसत नाही. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा पोळतो आणि वाकतो, सीओटू (मिग) वेल्डिंगवाला शोधा, आणि एका दमात लांब रेघ न ओढता थोडं इथे थोडं तिथे करत जायला सांगा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, कारपेट आणि सीट बाहेर, दाराची रबरं बाहेर. पेट्रोलची लाईन बऱ्याच गाड्यांत फ्लोअरखालूनच जाते, ती कुठून जाते ते त्याच्यासोबत बसून बघा. सीएनजी किट असेल तर सिलिंडर आणि पाईप किटवाल्याकडून उतरवल्याशिवाय ठिणगीसुद्धा पडू द्यायची नाही. आत फोम निघाला असेल तर तो पूर्ण खरवडून काढा, पेट घेतो आणि धूर विषारी. जुनं डांबर हीट गनने मऊ करून पटाशीने काढा, ज्योतीने नाही, आणि चष्मा मास्क लावा, ते केस आणि कपड्यातून आठवडाभर निघत नाही, बायको बोलते ते वेगळं.

रबाळेला एमआयडीसीत ज्या चाचांकडे मी नेली त्यांनी ग्राइंडर लावला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "इसमें गाडी कम, लांबी ज्यादा है." पण माणूस कामाचा. त्यांच्याशी माझी एकच अट होती, कापल्यावर आणि प्रायमरच्या आधी मला बोलवायचं, काय वाटेल ते झालं तरी. ही अट घालाच, फोटोवर भागवू नका, कारण प्रायमर मारल्यावर सगळ्यांचं काम सारखंच दिसतं.

वेल्ड झाल्यावर क्रम असा: घासून साफ, दोन्ही बाजूंना टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलंट, मग लागली तर पातळ लांबी, एक-दोन मिलिमीटर, तीही इपॉक्सीच्या वर. मग रंग. रेड ऑक्साईड खिडकीच्या ग्रिलला ठीक, इथे नको. रंग पूर्ण वाळला की रनिंग बोर्डच्या बुचांतून लांब नळीने आत कॅव्हिटी वॅक्स (बंद पोकळीत फवारायचं मेण) मारायचं, तळाच्या भोकांतून थेंब पडेपर्यंत, आणि शेवटी खालचं कोटिंग, भोकं टेपने झाकून आणि नंतर टेप काढून. टेप काढायला विसरतात, सांगून ठेवतो. काही लोक आत जळकं इंजिन ऑइल मारतात, जुनी पद्धत आहे, मला पटत नाही कारण ते ओघळून रबरी बुशांवर जातं आणि बुश फुगतात. गंज बदलणारं ते फॉस्फोरिक ॲसिडवालं लिक्विड वरवरच्या तांबूस गंजाला चांगलं आहे, भोक पडलेल्या पत्र्याला नाही, पत्रा ते उगवून देत नाही.

माझं उजवं फ्लोअर आणि डावं रनिंग बोर्ड झालं. उजव्या रनिंग बोर्डमध्येही आत तपकिरी आहे पण पत्रा अजून टणक आहे, तिथे भोकं मोकळी करून वॅक्स मारून ठेवलंय, दर मे महिन्यात कॅमेरा घालून बघायचं ठरवलंय. या वर्षीचा पहिला पाऊस पडला तेव्हा सकाळी सातला खाली जाऊन मॅट उचलून हात लावला. कोरडं. कारपेट मात्र मी अजून चिकटवलेलं नाही, नुसतं अंथरलंय, म्हणजे कधीही उचलता येतं.